आयात शुल्क सारखं बदलतं. गावातल्या शेतकरी कंपनीनं लक्ष कुठं ठेवायचं?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकांनी प्रश्न विचारला आहे. गोदामात सभासदांचं सोयाबीन पडून आहे, जानेवारीत तूर येईल, कंपनीची छोटी डाळ गिरणीही आहे. सरकार दर दोन-तीन महिन्यांनी आयातीचे नियम बदलतं, व्हॉट्सअॅपवर रोज नवा कागद फिरतो आणि संचालक मंडळ रोज विचारतं, "विकायचं का थांबायचं?" त्यात मुंबईचा एक दलाल "बिनशुल्काचा" पिवळा वाटाणा देतो म्हणतोय. त्यांचा मुख्य सवाल असा, की शुल्क बदलल्याची बातमी सगळ्यांत आधी कुठं मिळते?

मी अकोल्यात डाळ गिरण्यांसाठी खरेदी आणि आयातीचे कागद पाहतो आणि आता चार-पाच शेतकरी कंपन्यांनाही सल्ला देतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बातमी आधी मिळवण्याच्या शर्यतीत तुम्ही उतरूच नका. अधिसूचना बहुतेक वेळा संध्याकाळी किंवा रात्री राजपत्रात येते. मुंबई-चेन्नईचे आयातदार त्याच रात्री भाव बदलतात आणि सकाळी अकोल्याच्या बाजार समितीत हर्रास सुरू होतो तो नव्या भावानंच. तुम्हाला ती बातमी दोन तास आधी कळली, तरी गोदामातला माल रात्रीतून विकता येणार आहे का? तुमच्या हातात वेगळ्या गोष्टी आहेत: कोणती सवलत कोणत्या तारखेला संपते हे आधीपासून ठाऊक असणं, तुमचा कोणता साठा किंवा सौदा त्या तारखेत अडकलाय हे माहीत असणं, आणि नियम फिरला तर नुकसान कोणाच्या अंगावर जाईल हे सौद्यात लिहिलेलं असणं. एवढं पक्कं असेल तर बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी कळली तरी चालतं.

यातलं किती तुम्हाला लागू पडतं ते तुमच्या व्यवहारावर ठरेल. फक्त सभासदांचा माल विकत असाल तर तुमच्यासाठी आयातीचा नियम म्हणजे भावावरचा एक दबाव, बास. आयातदाराकडून माल घेऊन गिरणीत दळत असाल तर कागद तपासणं आलं. स्वतःच्या नावावर माल आणायचा विचार असेल, तर आयात-निर्यात कोड, सीमाशुल्क दलाल, बँकेची पतमर्यादा, वनस्पती संगरोध प्रमाणपत्र असं सगळं येतं. तुमच्या आकाराच्या कंपनीनं आज तरी त्यात पडू नये असं माझं मत आहे.

आता मुळाकडे येतो. बाहेरच्या मालाला आत यायला दोन दारं असतात आणि ती दोन वेगवेगळी खाती उघडतात. शुल्काचं दार वित्त मंत्रालयाकडे आहे. त्याच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ, म्हणजे सीबीआयसी, काढतं. धोरणाचं दार वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएफटीकडे आहे. माल "मुक्त", "प्रतिबंधित" की "निषिद्ध" हे ते ठरवतं. शुल्क शून्य असलं तरी धोरण प्रतिबंधित असेल तर परवान्याशिवाय माल येत नाही. तुरीचंच पाहा. ऑगस्ट 2017 मध्ये तुरीची आयात वर्षाला 2 लाख टनांवर बांधली गेली. मे 2021 मध्ये ती मुक्त झाली, मार्च 2023 मध्ये अख्ख्या तुरीवरचं 10 टक्के शुल्कही गेलं, आणि मुदत वाढत वाढत 31 मार्च 2026 पर्यंत आली होती. पिवळ्या वाटाण्याला तर डिसेंबर 2023 पर्यंत 50 टक्के शुल्क होतंच, शिवाय किलोला 200 रुपयांची किमान आयात किंमत आणि फक्त कोलकाता बंदरातून आणण्याची अट. त्या अटींपुढे शुल्काचा आकडा गौण होता. म्हणून "शुल्क काढलं" अशी बातमी आली की मी पहिला प्रश्न विचारतो: धोरणाचं काय?

तिसरं खातं ग्राहक व्यवहार विभागाचं. ते आयात थेट रोखत नाही, पण साठ्यावर मर्यादा घालतं. 21 जून 2024 ला तूर आणि हरभऱ्यावर मर्यादा आली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन, आणि आयातदारानं माल सुटल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं होतं. गिरणीसाठी मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेचा पाव हिस्सा, यातलं जे जास्त ते. तुमची गिरणी आहे म्हणून हा आकडा तुम्हालाही कामाचा. अशी मर्यादा लागली की आयातदार माल बाहेर ढकलतो आणि आपल्या तुरीचा भाव महिनाभर दबतो. शुल्कात काडीचा बदल नसतानाही.

बातमीतला आकडा आणि प्रत्यक्ष बोजा यांत फरक असतो, तो एकदा कागदावर मांडून बघा. सप्टेंबर 2024 मध्ये "कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के शुल्क" अशी बातमी आली. मूळ शुल्क 20, त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर 5, झाले 25. या बेरजेवर 10 टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे अडीच. एकूण साडेसत्तावीस. 31 मे 2025 पासून मूळ शुल्क 10 वर आणलं, तेव्हा 10 अधिक 5 अधिक दीड, म्हणजे साडेसोळा. बातमी म्हणाली दहा टक्के कमी झालं, बोजा उतरला अकराचा. शुद्ध तेलावर मात्र 35.75 टक्के तसंच ठेवलं, त्यामुळे कच्चं आणून इथं शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना 19.25 टक्क्यांचं अंतर मिळालं. कापसाचे 11 टक्केही असेच बनतात: 5 मूळ, 5 उपकर, आणि त्यावर 1 अधिभार. प्रत्येक मालाला तिन्ही लागतातच असं नाही, म्हणून अधिसूचना उघडून तीन आकडे वेगवेगळे लिहायची सवय लावा.

तुमच्या गोदामातल्या सोयाबीनबद्दल इथंच बोलतो, कारण सभासद विचारतात, "तेलावर शुल्क वाढलं होतं, मग सोयाबीन का नाही वाढलं?" सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण 18 टक्के. बाकी बहुतेक सगळी डीओसी, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड. तेल काढणारा प्लँटवाला दाण्याला किती देतो हे डीओसीच्या भावावर जास्त अवलंबून असतं. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि डीओसीची मागणी मार खाऊ लागली. म्हणून तेलावरचं शुल्क साडेसत्तावीस असतानाही 2024 च्या हंगामात सोयाबीन 4892 च्या हमीभावाखालीच राहिलं. 2025-26 चा हमीभाव 5328 होता. तेलाचं शुल्क पुन्हा वाढेल या एकाच आशेवर सभासदांचा माल धरून ठेवू नका. हमीभाव केंद्रावर नोंदणी झाली असेल तर तिकडचा नंबर लावा. ज्यांना दिवाळीपासूनच पैशांची नड आहे त्यांच्यासाठी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळू शकते. पण तुमची बाजार समिती ती योजना प्रत्यक्ष राबवते का, ते आधी विचारा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणजे तारीख कोणती धरायची. यात अनुभवी माणसंही चुकतात. सौदा केला त्या दिवसाचं शुल्क लागत नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम 15 सांगतं, की बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातदारानं सीमाशुल्क खात्याकडे भरायचा मालाचा कागद, दाखल झाली त्या दिवशीचा दर लागतो. ती जहाज येण्याआधीच भरली असेल तर जहाजाला बंदरात प्रवेश मिळाला तो दिवस. माल बाँडच्या, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येतो अशा गोदामात ठेवला असेल तर तो सोडवण्यासाठी बिल भरलं त्या दिवशीचा दर. म्हणजे माल समुद्रात असताना दर बदलला तर नवा दर बसतो. याला अपवाद करायचा असेल तर सरकार अधिसूचनेतच तसं लिहितं.

पिवळ्या वाटाण्यात नेमकं तेच झालं. डिसेंबर 2023 मध्ये शुल्क शून्य केलं. मग मुदत मार्च, एप्रिल, जून, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, मे अशी ढकलत 31 मार्च 2026 पर्यंत नेली. बाजारानं धरून चाललं, की मार्चपर्यंत काळजी नाही. आणि ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस अधिसूचना आली: 1 नोव्हेंबरपासून 30 टक्के, त्यात 10 मूळ आणि 20 उपकर. सवलत फक्त त्या मालाला, ज्याची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजात माल भरल्याची पावती, 31 ऑक्टोबर 2025 किंवा त्याआधीची आहे. म्हणजे जाहीर केलेली मुदतही मधेच तोडता येते, आणि या वेळी धरली गेली ती जहाजात माल भरल्याची तारीख.

तुमचा दलाल "बिनशुल्काचा" म्हणतोय तो बहुधा हाच माल. असा माल बाजारात असू शकतो, त्यामुळे तो खोटंच बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून तीन कागद मागा. पहिला बिल ऑफ लेडिंग. त्यावर "शिप्ड ऑन बोर्ड" अशी तारीख असते, ती पाहा. वरच्या कोपऱ्यात छापलेली तारीख वेगळी असू शकते. दुसरा बिल ऑफ एन्ट्रीची प्रत. त्यात आठ आकडी कोड 0713 10 10 आहे का, शुल्काच्या रकान्यात कोणती अधिसूचना लावली आहे, आणि माल सोडल्याचा, म्हणजे आउट ऑफ चार्जचा, आदेश झालाय का. बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर घालून सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट संकेतस्थळावर ती खरी आहे का हे कोणालाही तपासता येतं. तिसरा गोदामाची पावती, कारण कागद एका मालाचे आणि पोती दुसऱ्या मालाची असं होतं. पोत्यांवरचा लॉट क्रमांक आणि कागद जुळवल्याशिवाय मी गिरणीवाल्याला चेक लिहू देत नाही. एकाच बिल ऑफ लेडिंगची झेरॉक्स दाखवून चार ठिकाणी माल विकायला निघालेले लोक मी पाहिलेत.

आणि एक विनंती, तुम्ही विचारलं नसलं तरी. वाटाण्याचं पीठ हरभऱ्याच्या बेसनात मिसळून विकायचा मोह होऊ देऊ नका. वाटाण्याची डाळ वाटाण्याची म्हणूनच विका. शेतकऱ्यांच्या कंपनीचं नाव एकदा गेलं की परत मिळत नाही, शिवाय आपल्याच सभासदांच्या हरभऱ्याचा भाव आपणच पाडतो.

सौद्याबद्दल. माझ्याकडच्या प्रत्येक खरेदी चिठ्ठीवर एक ओळ असते: "भाव शुल्कासहित, गोदाम पोच, माल पोचेपर्यंत शुल्क, उपकर किंवा आयात धोरणात बदल झाल्यास वाढ विक्रेत्याकडे, घट झाल्यास दोघांत निम्मी." निम्मीच्या जागी तुम्ही वेगळं ठरवा, पण काहीतरी लिहा. दलाल म्हणतो, "अहो, एवढं कशाला, तोंडी शब्द आहे ना." तोंडी शब्दावर अकोल्यात आजही कोट्यवधींचे सौदे होतात आणि पाळले जातात, हे खरं आहे. शुल्क वाढलं की मात्र शब्द कोणी कशावर दिला होता यावरच भांडण होतं. तुम्ही सभासदांच्या पैशांचे राखणदार आहात, तुमच्यासाठी लेखी हवंच.

लक्ष ठेवायचं कसं, याची माझी पद्धत साधी आहे. एक जाड वही. प्रत्येक मालाला एक पान: तूर, हरभरा, वाटाणा, उडीद, सोयाबीन तेल, कापूस. पानावर वर आठ आकडी कोड. तुरीचा 0713 60 00. खाली आजचं एकूण शुल्क तीन भागांत फोडून, धोरण मुक्त की बंधनात, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, सवलतीची शेवटची तारीख, आणि कोणती तारीख धरणार, बिल ऑफ लेडिंगची की बिल ऑफ एन्ट्रीची. शेवटी लाल शाईनं: या मालात आपला किती साठा आणि कोणाचा किती सौदा उघडा. दर सोमवारी सकाळी सीबीआयसीचं सीमाशुल्क अधिसूचनांचं पान आणि डीजीएफटीचं अधिसूचनांचं पान उघडून मागच्या आठवड्याची यादी पाहायची. यादीत आपला माल नसेल तर काम दहा मिनिटांत संपतं. तुमच्याकडे कृषी पदवी घेतलेली एखादी मुलगी किंवा मुलगा हिशोबाला असेल तर ही वही त्यांच्या हाती द्या. व्यवस्थापकाकडे राहिली तर हंगामात ती उघडलीच जात नाही.

डीजीएफटीच्या पानावर तीन-चार तऱ्हेचे कागद असतात. अधिसूचना म्हणजे धोरणच बदललं. सार्वजनिक सूचना म्हणजे कार्यपद्धती बदलली. व्यापार सूचना बहुतेक वेळा माहिती किंवा खुलासा असतो. व्हॉट्सअॅपवर व्यापार सूचनेचा फोटो "सरकारनं आयात बंद केली" म्हणून फिरतो तेव्हा आधी कागदाची जात पाहा. मग क्रमांक, तारीख, आणि तो कोणत्या जुन्या अधिसूचनेत दुरुस्ती करतोय ते. 2022 चा कापसाचा कागद 2025 मध्ये पुन्हा फिरताना मी पाहिला आहे; मजकूर खराच होता, फक्त तीन वर्षं शिळा. आणखी एक: शुल्क सवलतींची जी मोठी अधिसूचना सगळे 50/2017 म्हणून ओळखायचे, तिच्यासह 31 अधिसूचना एकत्र करून 1 नोव्हेंबर 2025 पासून 45/2025 ही एकच लागू झाली आहे. जुन्या क्रमांकाचा आधार देणारा नवा कागद कोणी दाखवला तर थांबून तपासा.

कापूस तुमच्या प्रश्नात नव्हता, पण दारव्ह्यात सभासद विचारणारच. 2021 च्या फेब्रुवारीत 11 टक्के लागले. 2022 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर सूट मिळाली. मग 19 ऑगस्ट 2025 पासून 30 सप्टेंबरपर्यंत पुन्हा सूट. त्या सहा आठवड्यांत ब्राझील-अमेरिकेतून नवा सौदा करून माल इथं लागणं अवघड होतं, म्हणून मी सभासदांना सांगितलं होतं, की फायदा वाटेवरच्या आणि बाँडमधल्या गाठींनाच होईल. पण 28 ऑगस्टला मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि चित्र पालटलं, कारण आता नवे सौदे बसू लागले आणि ते नेमके आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेच्याच्या वेळी. 2025-26 मध्ये लांब धाग्याच्या कापसाला 8110 हमीभाव असताना खुल्या बाजारात त्याहून कमी मिळत होतं. पण सगळं खापर या सवलतीवर फोडणंही बरोबर नाही. जगातच रुई स्वस्त होती, आणि अमेरिकेनं ऑगस्ट 2025 च्या अखेरीस आपल्या मालावर 50 टक्के शुल्क केल्यानं सूतगिरण्या आणि कापड कारखान्यांची मागणी ढिली पडली. अशी सवलत वाढते की नाही यावर कधी पैज लावू नका. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, माल जात असेल आणि ओलावा त्यांच्या मर्यादेत बसत असेल तर तिकडे द्या.

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना हा विषय मी समजावायची गरज नाही. बांगलादेशानं 2019 ला किलोला 20 रुपये असलेलं शुल्क 2023 पर्यंत 88 रुपयांवर नेलं आणि त्यांचा बाजार डोळ्यांदेखत आटला. तिथं नियम दुसऱ्या देशाचा, अधिसूचना आपल्या भाषेत नाही, दिल्लीचा उपाय उशिरा. निर्यातीचा माल असेल तर वहीत समोरच्या देशाच्या शुल्कालाही एक पान द्या.

राहिली तुमची जानेवारीची तूर. 2025-26 चा हमीभाव 8000 होता. आफ्रिकेची गजरी आणि अरुषा ही तूर ऑगस्टपासून येते, म्यानमारची लेमन नव्या हंगामात आपल्याच तुरीच्या बरोबरीनं उतरते. म्हणजे जानेवारी ते मार्च सगळीकडून दाब. त्यात तुरीची सवलत 31 मार्चला संपत असेल तर तीही तारीख. ती वाढली तर दाब कायम राहील. नाही वाढली तरी आधी भरून आलेला साठा दोन-तीन महिने बाजारात राहतो, त्यामुळे 1 एप्रिलला भाव उसळेल असं समजू नका. मी असं करेन: ज्या सभासदांना शक्य आहे त्यांची नाफेड किंवा एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांकडे नोंदणी आत्ताच करून घ्यायची, आधार आणि सातबारावरच्या पीक नोंदीसह. 2025 पासून चार वर्षं नोंदणीकृत शेतकरी आणतील तेवढी तूर, उडीद, मसूर खरेदी करण्याचं 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितलं आहे, पण नोंदणी नसेल तर त्याचा उपयोग नाही. गिरणीला लागणारी तूर जानेवारी ते मार्च तीन हप्त्यांत घ्यायची, एकदम नाही. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून सवलतीचा निकाल लागेपर्यंत कोणताही नवा मोठा सौदा उघडा ठेवायचा नाही.

दलालाचे ते तीन कागद आले की इथंच सांगा, नावं झाकून. बिल ऑफ लेडिंगवरची तारीख मी बघून देतो.